साडूचा तंबू

हॅस्केल रँच, नेब्रास्का
२ एप्रिल १९७१

प्रिय साडूभाऊ वेंडेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. कुणाला काही झालेलं नाही, आधी हे सांगतो. आपल्या लग्नांना इतकी वर्षं झाली, पण मी तुला एक ओळ लिहिलेली नाही आणि तूही मला नाही. लिओटा लिहायची, व्हेल्मा बहिणीला उत्तर द्यायची, आणि शेवटी कोपऱ्यात 'ऑरिनचा नमस्कार', 'वेंडेलचा नमस्कार' एवढ्यावर आपलं भागायचं. आता व्हेल्मा नाही, म्हणून मला पेन धरावं लागतंय. फोन केला असता, पण आमची लाइन सामायिक, तिच्यावर अजून पाच घरं आहेत आणि त्यातली प्रोखास्काबाई श्वास रोखून सगळं ऐकते. मागे मी डॉक्टरला गाईच्या पोटफुगीबद्दल विचारत होतो, तर तिनेच मध्ये तोंड घालून औषध सांगितलं.

मुद्द्यावर येतो. जूनमध्ये आपण नेहमीप्रमाणे जंगलात जायचं. नदीकाठची जागा तीच, पाइन तेच. एवढी वर्षं चौघं जात होतो, यंदा तिघं जाऊ. तुझा तंबू तू ठोकायचा नाहीस, मी ठोकेन, म्हणजे रात्री तो तुझ्या अंगावर पडणार नाही. गुरांच्या पाण्याची जुनी टाकी मी घासून ठेवली आहे. नदीत सोडून तिघं आरामात बसू. गेल्या खेपेला टाकी गोलगोल फिरायला लागल्यावर तू जो आवाज काढला होतास, तो मला अजून ऐकायचा आहे.

लिओटाही तुझी आठवण काढते. ती म्हणाली, वेंडेलला नक्की बोलाव.

तुझा साडू,
ऑरिन


एल्म ग्रोव्ह, आयोवा
१४ एप्रिल १९७१

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र मी दुकानात, औषधांच्या कपाटाआड उभा राहून दोनदा वाचलं. आभार. पण मला येणं जमणार नाही. जूनमध्ये दुकानातला माल मोजायचा असतो आणि मदतनीस मुलगी लग्न करून जाते आहे. शिवाय उजवा गुडघा वाळूत चालू देत नाही.

ही तीनही कारणं खरी आहेत. तरी आणखी एक लिहितो. मी तुमच्याकडे येत होतो तो व्हेल्माचा नवरा म्हणून. मला ना घोड्यावर बसता येतं, ना मासे धरता येतात. तिथले सराटे माझ्याच मोज्यांत शिरायचे आणि निवडुंगावर मीच बसायचो. हे सगळं तुम्ही चालवून घेतलंत ते तिच्यासाठी. आता ती नाही, मग मी तुमचा कोण लागतो?

आणि लिओटांनी मला बोलावलं, हे तू चांगल्या मनाने लिहिलं आहेस. पण नाताळच्या कार्डावर 'ऑरिन आणि लिओटा' ही दोन्ही नावं तुझ्याच अक्षरात होती. दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचतो रे मी, तुझं काय अवघड.

तुझा,
वेंडेल


हॅस्केल रँच
२८ एप्रिल १९७१

साडूभाऊ,

पकडलंस. बरं, खरं सांगतो. लिओटाने तुला बोलावलेलं नाही. तुला पत्र घालतोय हेही तिला माहीत नाही. गोठ्याच्या मागे, खोगिरांच्या खोलीत बसून लिहितोय. तुझी पत्रंही इथेच नालांच्या पेटीत ठेवली आहेत.

ती तुझ्यावर रागावली आहे. का ते तुला ठाऊक आहे. तिचं म्हणणं, व्हेल्माला इथे टेकडीवर आणायला हवं होतं. आईबाप तिथे आहेत. म्हाताऱ्याने तरुणपणी याच जंगलात, निव्वळ गवत होतं तेव्हा, वाकून वाकून रोपं लावली. दोघी बहिणी त्या झाडांबरोबर वाढल्या. आणि तू तिला आयोवात मक्याच्या शेतांमध्ये नेऊन पुरलंस, परक्या लोकांत. हे तिचे शब्द, माझे नाहीत. दफनाच्या दिवशी ती तुझ्याशी बोलली नाही आणि परतीच्या रस्त्याभर माझ्याशीही बोलली नाही.

पण म्हणून तू येऊ नयेस असं कुठे आहे? ती ओरडेल, ते मी ऐकेन, मला सवय आहे. तू माझा कोण म्हणून विचारतोस? साडू आहेस. बायको गेली म्हणून साडू सुटत नाही. तुझ्याएवढा वाईट मासे धरणारा माणूस मला या वयात दुसरा कुठे मिळायचा?

इथे पाऊस नाही. वारा आहे आणि टेकड्या वाळून कागदासारख्या झाल्यात.

ये.
ऑरिन


एल्म ग्रोव्ह
१० मे १९७१

प्रिय ऑरिन,

खरं लिहिलंस ते बरं केलंस. मीही लिहितो.

कुठे पुरायचं ते व्हेल्माने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलंही होतं. ती म्हणाली, "तुम्हा लोकांना जे सोयीचं असेल ते करा, मला काय कळणार आहे?" मग ठरवणं माझ्याकडे आलं. इथलं दफनस्थान दुकानापासून पायी जाण्यासारखं आहे. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की मी तिकडे जातो. दिवसभरात कोण आलं, कुणाचा खोकला बरा झाला, एवढं सांगतो आणि घरी येतो. ती तिकडे टेकडीवर असती तर मी वर्षातून एकदा आलो असतो. मला ते झेपलं नसतं. लिओटांना हे सांगावंसं खूप वाटलं, पण त्या समोर आल्या की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लग्नाच्या दिवसापासून असंच आहे.

जूनमध्ये मी येत नाही. कृपा करून आग्रह धरू नकोस. त्याआधी, मे संपताना, डे मॉइनला औषधविक्रेत्यांची बैठक आहे, तिथे जाणार आहे. तेवढाच प्रवास या गुडघ्याला पुष्कळ झाला.

तुझा,
वेंडेल


हॅस्केल रँच
३ जून १९७१

साडूभाऊ,

हे काय चाललंय? मला कुणी सांगेल का?

भावाच्या ऑपरेशनसाठी मी डेन्व्हरला गेलो होतो. परत येतो तर काय, जंगलाचा पश्चिमेकडचा भाग काळा ठिक्कर. घरी आलो तर लिओटा स्वयंपाकघरात उभी, डाव्या भुवईचा एक केस शिल्लक नाही. म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "वीज पडली. आग लागली. विझली. हात धुऊन जेवायला बस." दाराशी एक बुटांचा जोड, तळवे वितळलेले, आत एल्म ग्रोव्हच्या दुकानाचा शिक्का. आणि माझे नवे बूट, वळूंच्या बाजाराला घालायचे, ते गायब. विचारलं तर म्हणते, "तुझ्या साडूला विचार."

तू डे मॉइनला होतास ना?

प्रोखास्काबाईला सगळं ठाऊक आहे असं तिच्या तोंडावरून दिसतं. पण तिला विचारण्यापेक्षा मी बैल होऊन नांगराला जुंपून घेईन. तू लिही. सगळं लिही.

ऑरिन


एल्म ग्रोव्ह
११ जून १९७१

प्रिय ऑरिन,

डे मॉइनला कसलीही बैठक नव्हती. माफ कर. बूट पार्सलने पाठवले आहेत, आतून पुसले आहेत.

मी जंगलात गेलो होतो. एकटाच. जूनमध्ये तुम्हा दोघांबरोबर तिथे बसायचं म्हणजे काय होईल याची मला भीती होती. तू थट्टा करणार, शेकोटी पेटणार, आणि व्हेल्माची जागा रिकामी. मी तुमच्यासमोर लहान मुलासारखा रडलो तर? लिओटांसमोर? म्हणून म्हटलं, आधी एकट्याने जाऊन यावं. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, कुणी बघायला नाही. ते झेपलं तर तुला कळवायचं, गुडघा बरा झाला, येतो म्हणून. म्हणजे माझं 'नाही' अजून पक्कं नव्हतं.

संध्याकाळी उजेड होता तोवर पोचलो. वाटेतल्या चौकीवरच्या माणसाने माझ्या गाडीचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, "आत कुणी नाहीये. फार वाळलंय सगळं, शेकोटी पेटवू नका." आपल्या जागी तंबू ठोकला. तुझ्या सांगण्याप्रमाणे खुंट्या तिरक्या मारल्या, तरी एक बाजू लोंबत राहिली. मग खुर्ची टाकून बसलो आणि रडू यायची वाट बघितली.

आलं नाही, ऑरिन. आला तो वैताग. मीठ विसरलो होतो. डबा उघडायची चावी विसरलो होतो. व्हेल्मा सगळं एका निळ्या पिशवीत भरायची आणि मला कधी कळलंच नाही की त्या पिशवीत काय काय असतं. घेवड्याचा डबा मी दगडाने फोडला, निम्मा घेवडा वाळूत गेला. उरलेला अळणी खाल्ला. आणि एकदम मला हसू यायला लागलं. मोठ्याने. नदीवरचा एक बगळा उडून गेला. ती असती तर म्हणाली असती, "चाळीस रोगांवरची औषधं पाठ आहेत, आणि मीठ नाही आणता येत?" तिचा आवाज मला स्पष्ट आठवला. हिवाळाभर तो आठवत नव्हता. दुखणं लागल्यापासूनचा बारीक आवाज तेवढा आठवायचा. हा आधीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खूश होतो. तुला पत्र कसं लिहायचं याची वाक्यं जुळवत नदीत पाय सोडून बसलो. दुपारनंतर ढग आले, पण थेंब नाही. नुसत्या विजा. मग वारा फिरला आणि वास आला. पश्चिमेच्या टेकडीमागून धूर उठत होता, आधी पांढरा, मग पिवळा.

मी तंबू तसाच टाकून गाडीत बसलो, घाईने वळवली, आणि मागची चाकं वाळूत गेली. तू मला हजारदा सांगितलं आहेस की वाळूत गाडी रेटायची नाही. मी रेटली. चाकं आसापर्यंत रुतली. मग तवा घेऊन वाळू उपसायला लागलो. धूर एवढा खाली आला की पलीकडची झाडं दिसेनात.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. धुरातून तुझा पिकअप आला. मागे पाण्याचं पिंप, गोणपाटांचा ढीग. खिडकीतून डोक्याला रुमाल बांधलेली बाई ओरडली, "ए आयोवावाल्या! मरायचंय का?" चौकीवाल्याने तिला सांगितलं होतं की आयोवाची एक गाडी आत आहे. कुणाची, ते तिला माहीत नव्हतं.

मी वळलो. हातात तवा.

लिओटांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मग म्हणाल्या, "तू डे मॉइनला आहेस."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"नालांच्या पेटीत काय असतं ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. चल, बस आत."

"माझा तंबू..."

"तंबू कसला घेऊन बसलास! बस म्हणते ना!"

बसलो. बाहेर पडायचा रस्ता धुराने बंद होत आला होता, पण त्या चालवत राहिल्या, एका हाताने रुमाल तोंडावर धरून. जंगलाच्या कडेला, जिथे पाइन संपून तुमच्या शेजाऱ्याचं गवत सुरू होतं, तिथे गावातली सगळी माणसं होती. ट्रॅक्टर, नांगर, पाण्याची पिंपं. लिओटांनी पिकअप थांबवला, एक भिजलेलं गोणपाट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "गवतातली धग मारायची. उंच उचलू नकोस, ठिणग्या उडतात. दाबायचं." दुसरं स्वतः घेतलं.

अंधार पडेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी दाबत होतो. माझ्या बुटांचे तळवे केव्हा वितळले मला कळलं नाही. एकदा वाऱ्याचा झोत आला तेव्हा लिओटांनी मला कॉलर धरून मागे ओढलं. त्यांची भुवई गेली ती त्यात. त्यानंतर वारा पडला आणि आग नदीशी अडली. एका माणसाने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण, बाबा?" मी काही बोलायच्या आत लिओटा म्हणाल्या, "माझ्या बहिणीचा नवरा आहे."

रात्री तुमच्याकडे मेल्यासारखा झोपलो. सकाळी त्यांनी मांस-घेवड्याची तिखट चिली गरम केली आणि दालचिनीचे रोल समोर ठेवले. मग त्या म्हणाल्या, "रोज जातोस तिच्याकडे?"

"रोज."

"पावसातसुद्धा?"

"छत्री घेऊन."

"छत्रीचा तिला राग यायचा."

"माहीत आहे. ती मी माझ्यासाठी घेतो."

त्यांनी रोलचा तुकडा मोडला, तसाच ठेवला. "इथे असती तर मी रोज गेले असते."

"हो."

"मग तुला जाता आलं नसतं."

"नसतं."

"मग यातून काय मार्ग काढायचा?"

त्या उठून खिडकीशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून रडल्या. मीही टेबलाशी बसून रडलो, ऑरिन. ज्यांच्यासमोर रडायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केला, त्यांच्याच स्वयंपाकघरात. कुणीच कुणाला गप्प केलं नाही. नंतर त्यांनी नळाखाली तोंड धुतलं, तुझे बूट आणून माझ्या पायाशी ठेवले आणि म्हणाल्या, "बसची वेळ होतेय."

बस सुटेपर्यंत त्या पिकअपमध्ये बसून होत्या. हात हलवला नाही. मीही नाही.

गाडी जळली. तंबूही. पण माझं बरं आहे.

तुझा साडू,
वेंडेल


हॅस्केल रँच
२९ जून १९७१

वेंडेल,

ऑरिनने तुझं पत्र मला वाचायला दिलं. ते मी आधीच वाचलं होतं, हे त्याला सांगितलं नाही. त्याचा आनंद कशाला घालवायचा.

आम्ही जंगलात जाऊन आलो. नदीकाठची जागा बंद आहे, सरकारने दोरी बांधली आहे. मग पलीकडच्या उघड्या टेकडीवर तंबू टाकला. सावली नाही काही नाही. समोर बाबांनी लावलेली झाडं काळी उभी. पहिल्या दिवशी मला बघवेना. ऑरिन म्हणाला, परत जाऊया. मी म्हटलं, आलोय तर राहू. दुसऱ्या दिवशी टाकी नदीत सोडली. दोघंच असलो की ती नीट तरंगत नाही, एका बाजूला कलते. तो भिजला. तुझं नाव घेऊन ओरडत होता.

रोपवाटिकेतली माणसं म्हणतात, वसंतात परत लावणी सुरू करू. ती झाडं सावली देईपर्यंत आम्ही कुणी नसू. लावणाऱ्यांना लागतील तेवढे हात हवेत, मी नाव दिलंय. गुडघा चालत असेल तर तूही ये. वाकायचं काम आहे, तू नाहीतरी कायम वाकूनच सराटे काढत असतोस.

आता दुसरं. मी अजून रागावलेली आहे. थोडी. पण तुझ्यावर रागावून पाहिलं, त्यात काही राम नाही. कुठे ठेवायचं ते व्हेल्माने सांगायला हवं होतं. लहानपणापासून तसंच, ठरवायची वेळ आली की ही बाहेर खेळायला. तर ते भांडण मला तिच्याशीच भांडायचंय. सप्टेंबरात, गवत कापून झालं की बसने येते. आठवडाभर राहीन. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. कॉफी मात्र कडक लागते.

दफनानंतर मी तिच्याकडे एकदाही आले नाही. वाट आठवत नाही. तुला दाखवावी लागेल.

लिओटा


एल्म ग्रोव्ह
७ जुलै १९७१

लिओटा,

जरूर या. मागची खोली झाडून ठेवली आहे, तिला सकाळचं ऊन येतं. कॉफी मी फिकी करतो, पण शिकेन. ऑरिनलाही आणा. त्याने कुरकुर केली तर सांगा की इथल्या तळ्यात मासे इतके बावळट आहेत की मलाही सापडतात.

वसंतात लावणीला मी येईन. माझंही नाव द्या. या वेळी मात्र आधी सांगून येईन.

वाट सोपी आहे. दुकानापासून सरळ, चर्चपाशी डावीकडे, मग मक्याच्या कडेकडेने. फाटकापर्यंत मी तुमच्याबरोबर येईन. आत गेल्यावर उजव्या हाताचं तिसरं. तिथून पुढे तुम्ही एकट्याच जा. तुम्ही इथे असाल तोवर संध्याकाळची वेळ तुमची. भांडण संपायला जितका वेळ लागेल तितका घ्या. मी सकाळी जाऊन येत जाईन, दुकान उघडायच्या आधी.

वेंडेल